व्हिडिओ गेमची शिकवणी : पालकांसाठी माहिती

मंडळी, तबला, पोहणे, बुद्धिबळ आणि गणिताची ट्यूशन या यादीत आता व्हिडिओ गेमची शिकवणीही आली आहे. घरात तशी मागणी सुरू असेल, तर फी भरण्यापूर्वी एवढे जरूर वाचा.

सुरुवात कशी झाली?
'फोर्टनाइट'चा शंभर जणांत शेवटी उरेल तो जिंकला, हा प्रकार सप्टेंबर २०१७ मध्ये आला. २०१८ च्या उन्हाळ्यात 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली, की पालक ताशी १०-२० डॉलर देऊन मुलांना कोच लावत आहेत. काही मोठी माणसेही स्वतःसाठी शिकवणी लावत होती.

शिकवतात काय?
कोच इंटरनेटवरून मुलाचा खेळ बघतो आणि रेकॉर्डिंग लावून चुका दाखवतो. बुद्धिबळाचे सर झालेला डाव पुन्हा मांडतात, तसेच हे.

पैसे वसूल होतात का?
जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या फोर्टनाइट वर्ल्ड कपमध्ये १६ वर्षांच्या काइल गियर्सडॉर्फने एकेरीचे ३० लाख डॉलर जिंकले. इंग्लंडचा १५ वर्षांचा जेडन अ‍ॅशमन दुहेरीत दुसरा आला, जोडीला २२.५ लाख डॉलर मिळाले. त्याच्या आईने पूर्वी वैतागून त्याचा एक्सबॉक्स फेकून दिला होता! मात्र पात्रता फेऱ्यांत ४ कोटी लोक खेळले आणि एकेरीच्या अंतिम फेरीत होते फक्त १००. ढोबळ हिशेबाने चार लाखांत एक. तेव्हा ही फी छंदाची समजून द्यावी, करिअरची नव्हे.

कोच लावण्यापूर्वी
१. डब्यावरचे पेगी वय बघा. फोर्टनाइट बॅटल रॉयलला १२ आहे. आपल्याच रॉकस्टार लीड्सने केलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो : चायनाटाउन वॉर्स'ला १८ आहे.
२. खासगी शिकवणी घेणाऱ्याला डीबीएस तपासणी कायद्याने सक्तीची नाही. म्हणून आपणच मागावी.
३. तास बैठकीच्या खोलीत, हेडफोनशिवाय, स्पीकरवर व्हावा.
४. पैसे आणि निरोप पालकांमार्फतच जावेत. कोच मुलाशी वेगळे चॅट करू लागला, तर शिकवणी बंद करावी.
५. गेममधले व्हॉइस चॅट तपासा. ते मुलांसाठीही आपोआप सुरू असे, अशी अमेरिकी सरकारची तक्रार होती. २०२२ मध्ये एपिक गेम्सने या व इतर तक्रारी मिटवण्यासाठी ५२ कोटी डॉलर मान्य केले.

मुलांना मोकळेपणाने बोलायचे असेल, तर चाइल्डलाइनचा मोफत नंबर ०८०० ११११.

आईबाबांची शिकवणी
एकच तास विकत घ्यायचा असेल, तर तो स्वतःसाठी घ्यावा. एक डाव वीसेक मिनिटे चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही, हे स्वतः खेळल्यावर कळते. मग "आत्ताच्या आत्ता जेवायला ये" ऐवजी "हा डाव संपला की ये" असे म्हणता येते, आणि रोजचे एक भांडण टळते.

याहून स्वस्त उपाय म्हणजे मुलालाच कोच करणे. अट एकच, शिकवायचे मराठीतून. "बाबा, डावीकडे वळा, मागे बघा, अहो पळा!" एवढे मराठी एरवी आठवड्यात कानावर पडत नाही.