तारलीचा डबा आणि दुष्काळाचा अहवाल

तेलात बुडवलेल्या मासळीचा चपटा डबा ही मूळची फ्रान्सची करामत. निकोला आपेर याने हवाबंद अन्न उकळून टिकवण्याची कृती 1810 साली छापली. त्याच वर्षी पीटर ड्युरँडने इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले आणि 1820च्या दशकात नांत शहरात जोसेफ कोलँ सार्डिनचे डबे भरू लागला. इथपर्यंतचा इतिहास कुठेही सापडतो. हा डबा हिंदुस्थानात कोणत्या वाटेने रुजला, हा प्रश्न त्याहून रंजक आहे. त्याची एक वाट समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत असलेल्या परभणीसारख्या कोरडवाहू मुलखाच्या इतिहासाला जाऊन भिडते.

आपल्या किनाऱ्यावर सार्डिनच्या कुळातली मासळी म्हणजे तारली. शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. डब्यावर 'सार्डिन' लिहायचा हक्क कोणाचा, यावर युरोपात मोठे वाद झाले. पेरूने युरोपीय संघाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत नेलेला खटला 2002 साली पेरूच्या बाजूने लागला. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत वीसएक जातींना देशाच्या, प्रदेशाच्या किंवा जातीच्या नावाची जोड देऊन हे नाव चालते आणि तारली त्यांत आहे. तेव्हा तारलीचा डबा नकली सार्डिनचा नव्हे.

डब्याच्या आगमनाबद्दल दोन मते नेहमी मांडली जातात. पहिले मत गोव्याचे: पोर्तुगालच्या डब्यांनी 1961 पर्यंत गोव्याची दुकाने भरलेली होती, तिथून चव पसरली. दुसरे मत साहेबाच्या टेबलाचे: छावण्या आणि क्लबांसाठी आगबोटीने डबे येत, त्यांचे पाहून देशी लोक शिकले. दोन्ही मते डबा कोणी खाल्ला ते सांगतात, इथे कोणी भरला ते सांगत नाहीत. आयात माल खाणे वेगळे आणि इथली मासळी इथे डब्यात घालण्याचा खटाटोप वेगळा. त्या खटाटोपाच्या मुळाशी एक दुष्काळतज्ज्ञ सापडतो.

फ्रेडरिक निकल्सन हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. शेतकऱ्यांच्या कर्जावरचा त्याचा 1895 ते 1897 मधला अहवाल 1904च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागचा मोठा आधार ठरला. आज मराठवाड्यातल्या गावोगावच्या सोसायट्यांचे मूळही अखेर तिथवर जाते. 1899-1900च्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळानंतर नेमलेल्या 1901च्या दुष्काळ आयोगात तो सभासद होता. हाच माणूस पुढे मासळीकडे वळला, जपानची मत्स्यव्यवस्था पाहून आला, त्यावर 1907 मध्ये टिपण प्रसिद्ध केले आणि मद्रासच्या मत्स्यखात्याचा पाया घातला. मलबार किनाऱ्यावर तारलीचे थवे आले की मासळीला गिऱ्हाईक नसे. ती वाळूवर पसरून खत केली जाई, नाहीतर उकळून तिचे तेल काढले जाई. देशात माणसे उपाशी आणि किनाऱ्यावर अन्नाचे खत, ही विसंगती निकल्सनला खुपली. मिठाची, वाळवणाची आणि तेलाची सुधारित पद्धत दाखवता दाखवता त्याने बेपूरजवळ चालियम इथे डबे भरण्याचा सरकारी प्रयोगही चालवला. भारतीय तारलीच्या डब्याची खरी वंशावळ साहेबाच्या जेवणाच्या टेबलापेक्षा या खटपटीकडे जाते, हे मत इथे ठामपणे मांडायला हवे.

याला एक सज्जड आक्षेप आहे: दुष्काळी मुलखात डबा पोचलाच कुठे? छप्पनच्या दुष्काळाच्याच सुमारास निजामाची गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत आली आणि परभणी मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. तरी त्या वाटेने आलेली समुद्राची मासळी डब्यातली असणे अशक्यच. ती पोत्यातली सुकट, जवळा आणि बोंबील असणार. 1972च्या दुष्काळातही दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या हाती पडली ती सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी. आक्षेप खरा आहे, पण त्याचे कारण डब्यातल्या मासळीत नसून पत्र्यात आहे. कल्हईचा पत्रा देशात 1920च्या दशकात जमशेदपूरजवळ गोलमुरीला तयार होऊ लागला, आणि त्यानंतरही भरलेल्या डब्यात महाग भाग मासळीचा नसे, डब्याचा असे. सुकटीला फक्त ऊन आणि मीठ लागते. गरिबासाठी केलेल्या विचाराचे फळ गरिबाला सुकटीच्या रूपात मिळाले आणि डबा दुकानाच्या वरच्या फळीवर राहिला.

डबे भरण्याचे तंत्र पुढे 1957 साली कोचीत स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घडवले. ऑलिव्ह तेल परवडत नाही म्हणून शेंगदाणा तेल आले. स्वस्त डब्याची चव ओळखायची तर याच तेलापासून सुरुवात करावी लागते.

स्वस्त डबे तीन जातींचे: मिठाच्या पाण्यातले, तेलातले आणि टोमॅटोच्या रसातले. पारख करताना पाण्यातला डबा पहिला उघडावा, कारण त्यात मासळीला लपायला जागा नसते. कातडी चंदेरी आणि अखंड हवी. पोट फाटलेले दिसले तर मासा भरल्या पोटी पकडून तसाच राहू दिला असे समजावे. आतड्यातले पाचकरस पोटाची भिंत खातात. पांढरे गोळे तरंगत असतील तर आधीचे मिठवणे किंवा वाफवणे घाईत उरकलेले असते. कणा बोटांत दाबला की भुगा व्हायला हवा. दाबाखालच्या वाफेत पुरेसा शिजल्याची ती खूण, आणि कॅल्शियमही त्यातच. तेलातल्या डब्यात सोयाबीन तेल मुके असते, ते मासळीची चव खुलवत नाही नि बिघडवतही नाही. शेंगदाणा तेल स्वतःचा वास सोडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हे करडईचे वाण दिले. त्या करडईच्या हलक्या तेलात तारली भरून पाहायला हवी, ती ज्वारीच्या भाकरीशी शेंगदाण्याच्या तेलापेक्षा बरी जमेल. टोमॅटोच्या रसातला डबा सर्वांत फसवा. आंबटपणा शिळेपणा झाकतो, म्हणून त्याची तुलना शेवटी करावी.

एकाच छापाचे दोन डबे वेगळे लागतात, यात भरणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. तारली पावसाळ्यानंतर चरबी धरते आणि अंडी घालून गेल्यावर सुकते. चरबीच्या दिवसांतली मासळी मऊ, गोडसर लागते. उतरत्या दिवसांतली कोरडी आणि चोथट. डब्यावर भरल्याची तारीख असते, तिच्यावरून हंगामाचा अदमास बांधता येतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भरलेला डबा साधारणपणे उजवा निघतो, गोठवून साठवलेली जुनी मासळी वापरलेली नसेल तर.

मासळीचाही भरवसा नाही. 1940च्या दशकात तारली इतकी आटली की मद्रास सरकारला पिल्ले आणि अंड्यावरचे मासे धरण्यावर निर्बंध घालावे लागले. 2012 साली केरळात विक्रमी तारली उतरली आणि पुढच्या काही वर्षांत ती झपाट्याने घटली. तेव्हापासून ओमानची तारलीही केरळच्या बाजारात येते. डबा निवडताना म्हणूनच छापाच्या नावाआधी मागची बारीक अक्षरे वाचावीत: माशाचे शास्त्रीय नाव, तेलाची जात आणि पाणी काढल्यावर उरणारे वजन.