पार्श्व मणका-सांधणीतील कोनबदल उपकरणे

पार्श्व मणका-सांधणीतील कोनबदल उपकरणे : कमरेच्या दोन मणक्यांमधली झिजलेली चकती रुग्णाच्या कुशीतून, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या मऊ जागेतून काढतात आणि तिथे हाडाच्या कणांनी भरलेला पोकळ ठोकळा, म्हणजे केज, बसवतात. या शस्त्रक्रियेत वापरायची, दांडा आणि टोक यांच्यातला कोन बदलता येणारी हत्यारे म्हणजे कोनबदल उपकरणे. चकती खरवडणारे क्युरेट, चकतीचे तंतू हाडावरून सोडवणारा चपटा कॉब, केजचे माप ठरवणारे ट्रायल आणि केज आत नेऊन सोडणारा इन्सर्टर ही त्यांतली मुख्य. ही सगळी सरळ दांड्याचीही मिळतात आणि बहुतेक शस्त्रक्रिया सरळ हत्यारांनीच पार पडतात. कोन लागतो तो कमरेच्या तळाशी, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधे. चकती झिजण्याच्या सर्वांत नेहमीच्या जागांपैकी ही एक असल्याने या उपकरणांचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे.

ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया होते त्यांच्यात एक मणका दुसऱ्यावरून सरकलेले, उतारवयात कणा बाजूला वाकलेले आणि मज्जातंतूंची नळी अरुंद झालेले रुग्ण असतात. नळी अरुंद झालेल्या माणसाला उभे राहिले वा चालले की पायांत जडपणा आणि कळा येतात. बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यात राहणाऱ्या अशा रुग्णाला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. उतरताना पाठ मागे झुकते आणि नळी आणखी आवळते. चढताना शरीर आपोआप पुढे वाकते. औषधे आणि व्यायाम यांनी भागले नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. पार्श्व सांधणीत नळी उघडत नाहीत. पुरेशा उंचीचा केज दोन मणके एकमेकांपासून दूर सारतो, ढिले पडून आत दुमडलेले अस्थिबंध ताणले जातात आणि नसांना जागा मिळते. नळी वाढलेल्या हाडानेच बुजली असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही. पाठीतून जाऊन ते हाड काढावेच लागते.

चकती काढून मणके सांधण्याची पाठीतली वाट होनोलुलूचे शल्यविशारद राल्फ क्लॉवर्ड यांनी मांडली. त्यांचा लेख १९५३ सालचा. भारतात ती रुजवणाऱ्यांत डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव ठळक आहे. गोव्याच्या मातीतले हे शल्यविशारद मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात काम करत होते. त्यांचे आत्मचरित्र ‘ताठ कणा’ मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. पाठीतून जाताना नळीतल्या नसा हलक्या हाताने बाजूला ओढून त्यांच्या शेजारून काम करावे लागते आणि जागा कमी असल्याने केजही लहान घ्यावा लागतो. कुशीतून जाण्याने हे दोन्ही प्रश्न सुटतात. जर्मनीचे मिखाएल मायर यांनी १९९७ मध्ये पोटाच्या पोकळीमागून, कण्याच्या बाजूच्या सोअस स्नायूच्या पुढून जाणारी लहान छेदाची वाट प्रसिद्ध केली. ब्राझीलचे लुइझ पिमेंटा यांनी २००१ मध्ये थेट सोअस स्नायूतूनच जाणारी वाट मांडली आणि अमेरिकी सहकाऱ्यांसह तिचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही वाटांत आतडी असलेली पोकळी उघडत नाहीत. तिच्यामागच्या चरबीतून बोटाने जागा करत कण्यापर्यंत पोचतात. कुशीतून जाणारा केज ४५ ते ६० मिमी लांब असतो. तो मणक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचतो आणि दोन्ही टोकांना कडेच्या कठीण हाडाच्या कड्यावर टेकतो. मणक्याच्या मधल्या भागाचे हाड मऊ असल्याने केज तिथे रुतण्याची भीती असते. म्हणून ही लांबी मोलाची.

रुग्णाला बहुधा उजव्या कुशीवर निजवतात, म्हणजे डावी बाजू वर येते आणि पातळ भिंतीच्या महाशिरेऐवजी जाड भिंतीची महाधमनी शल्यविशारदाच्या बाजूला राहते. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या चित्रात मणक्यांच्या कडा एकरेषेत दिसेपर्यंत टेबल फिरवतात. सोअसमधून जायचे असेल तर वाट रुंद करणाऱ्या नळ्यांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून जवळची नस तपासतात. स्नायू हलवायला ११ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागला तर नस पुरेशी दूर आहे असे धरतात. ५ पेक्षा कमी प्रवाहातच स्नायू हलला तर ती अगदी लगत आहे. सोअसमधले नसांचे जाळे, म्हणजे चेताजाल, वरच्या मणक्यांपाशी मागे असते आणि खाली येताना पुढे सरकते. त्यामुळे सर्वांत अरुंद सुरक्षित पट्टा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधेच मिळतो, आणि नेमके तिथेच कमरेच्या हाडाची कड वाटेत उभी असते.

या कडेमुळे काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण कोनबदल उपकरणांचे सारे प्रयोजन त्यात आहे. कड उंच असली की सरळ हत्याराची मूठ रुग्णाच्या डोक्याकडे ढकलली जाते आणि टोक पायांकडे वळते. दूधविनायकच्या गल्लीत लांब शिडी वळवताना एक टोक भिंतीला अडले की दुसरे समोरच्या दारात घुसते, तसाच हा प्रकार. मणक्यात ते दार म्हणजे पाचव्या मणक्याचा वरचा पृष्ठभाग. ५० मिमी खोल जाणारे सरळ हत्यार केवळ १० अंशांनी कलले तर पलीकडच्या कडेपाशी त्याचे टोक सुमारे ९ मिमी खाली गेलेले असते. झिजलेल्या चकतीची उंची अनेकदा तेवढीही नसते. म्हणजे चकती खरवडायच्या ऐवजी हत्यार हाडाचा पातळ कठीण थर फोडून मऊ हाडात शिरते. तो थर फुटला की केज पुढच्या काही आठवड्यांत रुतत जातो, मिळवलेली उंची जाते आणि नसा पुन्हा दबतात. हत्याराचे टोक दांड्याशी १० किंवा १५ अंशांत वळवता आले तर मूठ कडेच्या वर राहूनही टोक चकतीला समांतर ठेवता येते.

सोअसच्या पुढून जाणाऱ्या वाटेत दुसराच प्रश्न येतो. तिथे हत्यार पुढून मागे तिरके शिरते. ते तसेच पुढे नेले तर पलीकडच्या बाजूला नस बाहेर पडते त्या छिद्राशी केजचे टोक पोचू शकते. म्हणून चकतीच्या जागेत शिरल्यावर हत्यार वळवून कण्याला काटकोनात आणावे लागते. शल्यविशारद हे मनगटाने करतात. वळणाऱ्या टोकाचा इन्सर्टर हे काम हत्याराकडे सोपवतो. सरावलेल्या हाताला मनगट पुरते. पण जाड कुशीच्या रुग्णात, जिथे दांडा खोल जातो आणि वाट उघडी धरणाऱ्या रिट्रॅक्टरची पाती त्याला हलू देत नाहीत, तिथे वळते टोक खरोखर उपयोगी पडते.

रचनेचे ढोबळ प्रकार असे. काही क्युरेट आणि कॉब यांचे टोक दातेरी चाकावर ठरावीक टप्प्यांत बसते. मुठीतली कळ दाबली की सुटते, सोडली की पुढच्या दात्यात अडकते. काहींत मुठीच्या मागचा खुंट फिरवला की दांड्याच्या पोकळीतली लांब सळई पुढे-मागे सरकते आणि टोक हळूहळू वळते. इथे हवा तो कोन मिळतो, पण अधले-मधले भाग वाढतात. केज इन्सर्टरमध्ये बहुधा सळईचे टोक केजमधल्या आट्यांत बसते. सळई सैल केली की केज वळतो, घट्ट केली की त्याच कोनात आवळला जातो. कोणतीही रचना असली तरी तिची कसोटी एकच : आवळल्यावर सांधा हलता कामा नये. सांध्यापुढचा भाग ५० मिमी असेल आणि सांध्यात फक्त १ अंशाचा खेळ उरला असेल, तर टोक जवळजवळ १ मिमी इकडे-तिकडे होते. शेजारी नस आणि मोठ्या रक्तवाहिन्या असताना हा मिलिमीटर लहान नाही.

इन्सर्टर हातोडीने ठोकावा लागतो, ही दुसरी अडचण. सरळ दांड्यावरचा ठोका सगळाच्या सगळा केजला मिळतो. टोक २० अंशांनी वळले असेल तर ठोक्याच्या जोराचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा आडवा पडतो आणि तो सांध्याच्या खिळीला सोसावा लागतो. ३० अंशांना तो निम्मा होतो. म्हणून फार वळलेल्या टोकावर जोराने ठोकणे चुकीचे. आधी चकती पुरती काढावी, पलीकडच्या कडेचे तंतू कॉबने सोडवावेत, ट्रायल फार जोर न लावता शिरतो आहे हे पाहावे आणि मगच केज ठोकावा. सांधा वाकला किंवा खिळी तुटली, तर तो तुकडा महाधमनीच्या शेजारून शोधून काढायचा असतो. कोनबदल उपकरणाने कच्च्या तयारीची भरपाई होत नाही, हे शिकणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

हत्याराच्या खिळीचा हा विचार काशीच्या शल्यपरंपरेत फार जुना आहे. सुश्रुतसंहिता ही काशिराज दिवोदास धन्वंतरीचा उपदेश म्हणून रचलेली आहे. तिच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात १०१ यंत्रे सहा वर्गांत मांडली आहेत : स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ आणि उपयंत्रे २५. पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखी तोंडे असलेली स्वस्तिक यंत्रे १८ अंगुळे लांब, मधे मसुराच्या आकाराच्या खिळीने जोडलेली आणि हाडात रुतलेले शल्य उपटण्यासाठी सांगितलेली. त्यांतले बगळ्याच्या चोचीसारखे कंकमुख सर्वांत श्रेष्ठ मानले आहे, कारण ते खोल शिरते, आत फिरते आणि धरलेली वस्तू घेऊन सुखरूप बाहेर येते. अरुंद वाटेने आत शिरणाऱ्या हत्याराकडून आजही याहून वेगळी अपेक्षा नाही. त्याच अध्यायात यंत्रांचे बारा दोष दिले आहेत. फार जाड, कच्च्या धातूचे, फार लांब, फार आखूड, न पकडणारे, एकाच बाजूने पकडणारे, वाकडे, सैल, फार उंचावलेले, मऊ खिळीचे, मऊ तोंडाचे आणि मऊ पाशाचे यंत्र वापरू नये. सैल सांधा आणि मऊ खिळी हे वेगवेगळे दोष धरले आहेत, यात वापरणाऱ्याचा अनुभव बोलतो. सांधा झिजून सैल होतो, खिळी मुळातच हलक्या धातूची असते. एकाला दुरुस्ती आहे, दुसऱ्याला नाही. कण्याच्या मोडीवर मात्र सुश्रुतात हत्यार नाही. भग्नचिकित्सेच्या अध्यायात अशा रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांनी जखडण्याची कपाटशयनाची योजना आहे. काशीतल्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक या भागांत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घराण्यांनी संस्कृत शास्त्रांचे पठण चालू ठेवले. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राची, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याने उपचार करण्याची, जुनी रीत आधुनिक रुग्णालयीन कसोटीवर आणली. त्यांचे काम भगंदराचे, कण्याचे नव्हे. पण ग्रंथातली रीत रुग्णावर तपासून मगच स्वीकारण्याची त्यांची पद्धत उपकरणांच्या अभ्यासालाही लागू पडते.

भारतात ही उपकरणे बहुतेक रुग्णालयांच्या मालकीची नसतात. केज पुरवणारी कंपनी पेट्यांचा संच शस्त्रक्रियेच्या आधी पाठवते आणि नंतर परत नेते. तोच संच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात जातो. सरळ क्युरेट धुणे सोपे आहे. वळणाऱ्या हत्याराच्या दातेरी चाकात, पोकळ दांड्यात आणि खिळीभोवती रक्त आणि चकतीचा चिकट गर अडकतो आणि सुकला की निघत नाही. १३४ अंश सेल्सियसच्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ जिथे पोचते तिथलेच जंतू मरतात. सुकलेल्या थराखाली ती पोचेलच असे नाही. म्हणून हत्यार वापरताच ओले ठेवणे, सुटे होत असेल तर सुटे करणे, सांधा उघड्या आणि मिटलेल्या अशा दोन्ही स्थितींत ब्रशने धुणे, अल्ट्रासोनिक टाकीत घालणे आणि पाण्यात विरघळणारे वंगण देणे हा क्रम पाळावाच लागतो. संच रात्री उशिरा आला आणि सकाळी आठला पहिली शस्त्रक्रिया असली, तर ताण ओ.टी.तल्या सिस्टरवर येतो. तिला संच उलगडायला पुरेसा वेळ मिळावा अशी व्यवस्था करणे ही शल्यविशारदाची जबाबदारी आहे. सांधा हाताने हलवून, आवळून, पुन्हा हलवून पाहण्याची तपासणीही तिथेच व्हावी, कारण किती रुग्णालयांतून आणि किती ठोक्यांतून तो आला आहे हे पेटीवर लिहिलेले नसते.

काही जागी कोनाचा उपयोग नाही. पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामधली चकती कमरेच्या हाडाच्या पार आत असते आणि तिथे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या फांद्याही आडव्या येतात. सोअसमधून तिथे जात नाहीत. कड फार उंच असेल आणि चेताजाल पुढे आलेले असेल तर एमआरआय पाहूनच पाठीतली किंवा पोटातली वाट निवडतात. टेबल मधे मोडून कड खाली ढकलता येते, पण जास्त मोडले तर सोअस आणि त्यातल्या नसा ताणल्या जातात. मांडीला काही काळ बधिरपणा येणे किंवा मांडी उचलायला कमजोरी जाणवणे हा सोअसमधून जाण्याचा नेहमीचा त्रास आहे; बहुतेकांत तो ओसरतो. चांगली उपकरणे असूनही तो टळतोच असे नाही, हे रुग्णाला आधी सांगावे.

केज आत गेल्यावर उघडून त्याचा कोन वाढवता येणारे प्रकारही आले आहेत. त्यांत पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक उचलून कमरेचा नैसर्गिक बाक परत मिळवता येतो. सांध्याचा प्रश्न त्यामुळे हत्याराकडून केजकडे सरकतो, आणि तो सांधा तर आयुष्यभर शरीरात राहायचा असतो. संगणकीय मार्गदर्शनाची यंत्रणा वापरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. कॅमेरा मुठीवर बसवलेल्या खुणा पाहतो आणि तिथून टोकाची जागा मोजतो. ही मोजणी हत्यार कडक आहे असे धरून चालते. खुणांच्या पुढचा सांधा वळवला आणि नवा कोन यंत्रणेला कळवला नाही, तर पडद्यावरचे टोक एका जागी दिसते आणि खरे टोक दुसऱ्या जागी असते. म्हणून अशा वेळी कोन आधी आवळून पक्का करतात, टोक ओळखीच्या बिंदूवर टेकवून यंत्रणेत पुन्हा नोंदवतात आणि त्यानंतर सी-आर्मचे एक चित्र घेऊन जागा पडताळतात.