रेडिओहेड : आरंभीची वर्षे

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन शाळेतील पाच विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये हा इंग्रजी रॉक वाद्यवृंद स्थापन केला. टॉम यॉर्क, एड ओब्रायन, फिल सेल्वे आणि कॉलिन व जॉनी हे ग्रीनवुड बंधू त्यात होते. तालीम शुक्रवारी होत असे, म्हणून नाव पडले ‘ऑन अ फ्रायडे’. पुढे विद्यापीठीय शिक्षणामुळे हा उपक्रम बहुतांशी सुट्यांपुरता उरला. १९९१ च्या अखेरीस ईएमआय कंपनीशी करार झाला आणि तिच्या आग्रहावरून नाव बदलले. नवे नाव टॉकिंग हेड्स या वाद्यवृंदाच्या एका गाण्यावरून घेतले.

सप्टेंबर १९९२ मध्ये आलेले ‘क्रीप’ इंग्लंडमध्ये प्रथम पडले. बीबीसीच्या रेडिओ वनला ते फार उदास वाटले. मात्र इस्रायल आणि अमेरिकेतील आकाशवाणी केंद्रांनी ते उचलून धरले. १९९३ मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर ते ब्रिटिश क्रमवारीत सातव्या स्थानी पोहोचले. गाण्याच्या संथपणाला कंटाळून जॉनीने ध्रुपदापूर्वी गिटारवर मारलेले कर्कश आघातच श्रोत्यांच्या लक्षात राहिले, हे विशेष.

यशाची किंमतही मोठी होती. दौऱ्यांत प्रेक्षक त्या एकाच गाण्यासाठी येत. १९९४ च्या ‘माय आयर्न लंग’मध्ये यॉर्कने ‘क्रीप’ला जगवणारे, पण जखडून ठेवणारे श्वसनयंत्र ठरवले. जॉन लेकी यांच्या निर्मितीखालील ‘द बेंड्स’ मार्च १९९५ मध्ये आला. फेब्रुवारी १९९३ च्या ‘पाब्लो हनी’ या काहीशा उसनवारीच्या पहिल्या संग्रहानंतर वाद्यवृंदाला स्वतःचा आवाज सापडला तो येथे.