मिक्सर, वारा आणि घसरगुंडी

आज किल्ले नाहीत, आरमार नाही. आजचा इतिहास भीतीचा आहे, आणि त्याची सुरुवात करायला मालवणातलं स्वयंपाकघर बरं पडेल.

आपल्याकडे वाटपाशिवाय जेवण होत नाही. पूर्वी पाटा-वरवंटा होता, आता मिक्सर आहे. म्हणजे दिवसातून एकदा-दोनदा तो आवाज घरात होणारच. आता अशा घरात ऑटिझम असलेलं एखादं मूल आहे असं समजा. मिक्सर चालू व्हायची गरजच नाही, भांडं ओट्यावर आलं की ते कान दाबून परसात पळतं. घरातले म्हणतात, ‘अरे, भियातंस कित्याक?’ मग दृष्ट काढली जाते, देवळात गाऱ्हाणं घातलं जातं. तरीही फरक पडला नाही की सगळं येऊन आईवर पडतं: तूच लाडावून ठेवलंस त्याला.

ही भीती ऑटिझमच्या पहिल्या कागदातच आहे. 1943 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल एक लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. ऑटिझम हा स्वतंत्र प्रकार म्हणून जगासमोर आला तो मुख्यतः या लेखामुळे. त्यात ही मुलं कशाकशाला घाबरतात याची एक यादी आहे: तीनचाकी सायकल, झोके, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, यांत्रिक खेळणी, अंडी फेटायचं यंत्र, आणि चक्क वारासुद्धा. एक मूल तर व्हॅक्यूम क्लीनर ज्या कपाटात ठेवलेला असे, त्या कपाटाजवळही जायचं नाही. मिक्सरचं भांडं आठवलं ना?

पण कॅनर यादी करून थांबले नाहीत. त्यांनी पुढे एक निरीक्षण नोंदवलं, आणि मला वाटतं सगळा प्रकार त्यातच आहे. हीच मुलं स्वतः हवा तेवढा गोंगाट करतात आणि त्यात खूष असतात. म्हणजे खरा त्रास नुसत्या आवाजाचा नाही. न विचारता, बाहेरून अंगावर येणाऱ्या आवाजाचा आहे.

त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावातला. त्याचे वडील वकील, त्यांनी कॅनरना मुलाची तेहेतीस पानी टंकलिखित हकीकत पाठवली होती. त्यातला घसरगुंडीचा प्रसंग मला फार आवडतो. 1937 साली वडिलांनी अंगणात घसरगुंडी आणली. पहिल्या दिवशी इतर मुलं तिच्यावर खेळत होती. डोनाल्ड जवळ जाईना, आणि मोठ्यांनी उचलून वर बसवला तर भयाने थिजून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आसपास कोणी नसताना तो स्वतःहून गेला, शिडी चढला आणि घसरत खाली आला! नंतर तो नेहमी खेळू लागला, फक्त दुसरं मूल सोबत नसताना. घसरगुंडी तीच होती. बदललं एवढंच, की ‘कधी’ हे आता तो ठरवत होता. (हा डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जगभर फिरला, आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी गेला.)

इतकं हाताशी असताना पुढे काय झालं? वाट चुकली. त्याच लेखात कॅनरनी आईबापांच्या कोरडेपणाबद्दलही लिहिलं होतं, आणि जगाने नेमकं तेवढंच उचललं. ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे फ्रिजसारखी थंड आई, असा शब्द रूढ झाला. 1967 साली ब्रुनो बेटलहाइम यांनी त्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्याआधी, 1964 मध्येच, स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी हा आरोप पुराव्यानिशी खोडला होता, तरी तो मरायला बरीच वर्षं गेली. आता बघा, दोष आईच्या मायेत आहे असं एकदा ठरलं की मिक्सरबद्दल कोण विचारणार? आपल्याकडे हा सिद्धांत न वाचताही लोक तेच बोलतात, ही आणखी एक गंमत. कडू गंमत.

पुढे ऑटिझम असलेली माणसं स्वतः लिहायला लागली. टेम्पल ग्रँडिन यांनी सांगितलं की शाळेची घंटा त्यांना दाताच्या डॉक्टरच्या ड्रिलसारखी लागायची, आणि फुगा केव्हाही फुटेल या धास्तीने वाढदिवस नकोसे व्हायचे. 2013 साली दोन गोष्टी झाल्या. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नव्या निकषांत आवाज, स्पर्श, उजेड यांची कमी-जास्त संवेदना ऑटिझमचं एक लक्षण म्हणून स्पष्टपणे आली. कॅनरपासून सत्तर वर्षांनी! आणि सुझन मेज यांच्या गटाने 1033 ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास छापला. त्यांतल्या 41 टक्के मुलांना जगावेगळ्या भीती होत्या. यंत्रं, उंची आणि हवामान यांची नावं त्यात पुढे होती.

आपला ‘स्वमग्न’ हा शब्द मला इथे खटकतो. तीन खोल्यांपलीकडचा मिक्सर ज्याला छळतो, तो कसला स्वतःत मग्न?

मग करायचं काय? घसरगुंडीची गोष्ट मिक्सरला लावायची. प्लग काढलेलं भांडं आधी मुलाला हाताळू द्यायचं. मग मिक्सर लांबच्या खोलीत, एक सेकंद. मग बटण त्याच्याच हातात: तूच चालू कर, तूच बंद कर. ग्रँडिनही हेच सुचवतात. यात आठवडे जातात, आणि तो मागे हटला तर आपणही एक पायरी मागे. धरून उभं करायचं नाही. ‘सवय होईल’ म्हणून ढोलासमोर नेलेलं मूल ढोलासोबत तुमच्यावरचाही विश्वास गमावतं.

गणपतीत खरी कसोटी. कितीतरी घरं मुलासाठी मूळ घरी जाणंच बंद करतात, किंवा आई मुलाला घेऊन मागच्या पडवीत बसून राहते. महिनाभर आधी आरतीचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात सुरू करा. कितव्या आरतीनंतर संपणार, हे चित्रं काढून दाखवा. एक झांज त्याच्याच हातात द्या. कान झाकायचे हेडफोन जवळ असू देत, फक्त ते दिवसभर नकोत. दशावताराला न्यायचं तर नाटकाआधी न्या, नट स्वतःचा चेहरा रंगवताना बघू दे. संकासुराला तर सगळीच पोरं घाबरतात, पण बाकीच्यांची भीती शेजारचा हसला की पळते.

वाऱ्याचं मात्र अवघड आहे. त्याला बटण नाही. शिवाय 16 मे 2021 ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मोठी माणसंही घाबरली होती, त्यामुळे ‘काही होत नाही’ हे मुलाला सांगणं खोटंच. वारा कधी येणार, आपण कुठल्या खोलीत बसणार, दिवे गेले तर बॅटरी कुठे, एवढं खरं-खरं सांगता येतं. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

मदत मागायची तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत ऑटिझम येतो, अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांसाठी ती मोफत आहे.

आणि जाता जाता, याच्या अगदी उलटी गोष्ट. मिक्सरला घाबरणारं हेच मूल समुद्राला अजिबात घाबरत नाही, असंही पुष्कळदा दिसतं. अमेरिकेत घरातून भटकून गेलेल्या ऑटिस्टिक मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे प्रमुख कारण आहे. तारकर्ली-देवबागकडच्या वाडीत घर असेल तर दाराला वरची कडी लावा, पोहणं लवकर शिकवा, आणि रापणवाल्यांना, स्टॉलवाल्यांना मुलाचा चेहरा ओळखीचा करून ठेवा. त्यांना सांगा, हाक मारलीत तर वळणार नाही, सरळ जाऊन हात धरा.