चौकाखाली सही कोणाची?

बोईसर-पालघर भागात वारली चित्र नजरेस पडलं नाही असा दिवस जात नाही. शाळेची कुंपणभिंत, हॉटेलचं मेनूकार्ड, साडीचा पदर, सगळीकडे तीच त्रिकोणी माणसं आणि तारप्याभोवतीचा तोच नाच. ही चित्रं मुळात कोण काढायचं, असं वर्गात विचारलं की मुलं म्हणतात, जिव्या सोमा मशे. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे.

मुळात हे काम बायकांचं. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवासिनी शेणानं सारवलेल्या, गेरूनं रंगवलेल्या भिंतीवर चौक लिहितात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. मधोमध पालघट देवी, कडेला पाच शिरांचा देव. धवलेरी गाणी म्हणते आणि देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. लग्न उरकलं की चित्राचं काम संपलं. पुढे धूर, पाऊस आणि नवं सारवण त्याला पुसून टाकतं. जे पुसलंच जाणार त्यावर सही कशाला? आणि चार-पाच जणी मिळून लिहितात, तर कोणाची?

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा मराठी चित्रकार या पाड्यांवर आला आणि त्यानं लोकांच्या हाती कागद दिला. भिंत विकता येत नव्हती, कागद विकता येऊ लागला. गंजाडच्या जिव्या मशे यांचा हात त्यानंच ओळखला. मशे लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढत. मासे पकडायचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, शेत, आगगाडी, सगळं त्यांच्या कागदावर आलं. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. सदाशिव आणि बाळू या मुलांनी वारसा पुढे चालवला. त्यांच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही.

पण हेच कुलकर्णी त्याआधी, 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मधुबनीला गेले होते. तिथेही भिंतीवर बायकाच लिहीत, तिथेही त्यांनी कागदच वाटला. तिथून नावं झाली ती जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी यांची. 1989 साली पॅरिसला जगभरच्या कलावंतांचं एक मोठं प्रदर्शन भरलं, त्यात मिथिलेतून बउआ देवींची चित्रं होती आणि आपल्या डहाणूतून जिव्या मशे यांची. माणूस तोच, कागद तोच. तिकडे बाईचं नाव झालं, इकडे पुरुषाचं. मला वाटतं, आपल्याकडे कागद हाती आल्याबरोबर मुंबईची गाडी, कचेऱ्या, गिऱ्हाईक आणि हिशेबही आले, आणि त्या रस्त्यावर पुरुषच आधी चालू लागले.

अमेरिकेतल्या प्वेब्लो आदिवासींच्या मातीच्या भांड्यांची गोष्ट इथे आठवते. चाक न वापरता, मातीच्या वळ्या एकावर एक रचून ही भांडी घडवतात, आणि ते काम बायकांचं. 1880 च्या सुमारास तिथे रेल्वे पोहोचली आणि मागोमाग संग्राहक आले. होपी लोकांतल्या नाम्पेयोला लिहिता येत नव्हतं, तरी तिच्या भांड्यांवर ‘नाम्पेयोनं घडवलं’ अशी चिठ्ठी विकणारी कंपनीच चिकटवत असे. आज तिच्या लेकी-नातींच्या पिढ्या तेच नाव लावून भांडी करतात. सान इल्देफॉन्सोच्या मारिया मार्टिनेझची तऱ्हा आणखी वेगळी. भांडं ती घडवी, त्यावरची नक्षी नवरा हूलियन काढी. पण कुंभारकाम बाईचं म्हणून आधी सही तिची एकटीची. मग दोघांची नावं येऊ लागली. 1943 मध्ये हूलियन गेल्यावर तिच्या जोडीला सुनेचं नाव आलं, पुढे मुलाचं. भांडं उलटं केलं की बुडावर त्या घराचा इतिहास वाचता येतो.

आमच्या खत्ताती परंपरेत ही गोष्ट फार गंभीरपणे घेत. उस्तादानं इजाजत दिल्याशिवाय शागिर्दाला आपल्या लिखाणाखाली ‘कतबहू’, म्हणजे ‘हे अमुक यानं लिहिलं’, असं घालता येत नसे. सही म्हणजे एक जबाबदारी, आणि त्यामागे गुरूंची साखळी.

वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं; डहाणूच्याच आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांनी. त्यामुळे कला कुठली आणि कोणत्या समाजाची, याची नोंद झाली. कोणत्या हाताची, हे त्यात येत नाही. छापील चादरीवर तर हातच नसतो.

आज पाड्यांवर बायका पुन्हा कागदावर, कापडावर काढू लागल्या आहेत, काही आपलं नावही घालतात. तुम्ही गंजाडला किंवा डहाणूच्या बाजूला चित्र घ्यायला गेलात तर भाव करण्याआधी कागद उलटून पाहा. सही पुरुषाची असेल तर विचारा, हे ठिपके कोणी भरले, ही काठाची नक्षी कोणाची, आणि तुम्हाला कोणी शिकवलं? आईनं किंवा आजीनं, असं उत्तर आलं तर तिचं नाव विचारा. आणि त्यांची हरकत नसेल तर ते त्यांच्याच हातानं मागच्या बाजूला, तारखेसह, लिहून घ्या.