कर्ज फिटलं, पूल उरला

मंडळी, नदीकाठच्या गावाला पुलाचं मोल सांगायला नको. ओढ्याला पाणी आलं की पलीकडची शाळा बंद, बाजार बंद, आजारी माणूस खाटेवर घालून काठावर बसून राहायचं. म्हणून पूल मंजूर झाला की गाव पेढे वाटतं. उद्घाटन होतं, फीत कापली जाते, दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो. पण या पुलाची पुढची पन्नास-शंभर वर्षं काळजी कोणी घ्यायची, त्यासाठी पैसा कुठून आणायचा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न बहुधा मंडपाबरोबरच गुंडाळला जातो.

आज मी तुम्हांला एका परदेशी पुलाची हकिकत सांगणार आहे. तो कसा बांधला हे पुष्कळांनी सांगितलं आहे. तो चालवला कसा, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को हे मोठं बंदर आहे. शहराच्या तीन बाजूंना पाणी. उत्तरेला समुद्र आणि खाडी जिथं मिळतात, त्या सुमारे मैलभर रुंद मुखाला गोल्डन गेट, म्हणजे सोनेरी दरवाजा, म्हणतात. हे नाव मूळचं त्या खाडीमुखाचं. पुलाला ते मागून मिळालं. शंभर वर्षांपूर्वी या मुखावरून पलीकडे जायचं तर तरीच्या बोटीखेरीज दुसरा मार्ग नव्हता. पलीकडे शेती, दुभती जनावरं, जंगलाचा माल, अलीकडे बाजारपेठ. मोटारी वाढल्या तशा धक्क्यावर रांगा लागू लागल्या.

पूल हवा होता, पैसा नव्हता. शहर एकट्यानं खर्च करीना, आणि राज्य सरकारनंही तिजोरी उघडली नाही. तेव्हा तिथल्या लोकांनी एक निराळी वाट काढली. १९२३ साली राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला, की जवळपासच्या काउंट्यांनी एकत्र येऊन पुलापुरती एक स्वतंत्र सार्वजनिक संस्था काढावी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मुलूख. अशा सहा काउंट्या, काही पूर्ण तर काही अंशतः, एकत्र आल्या आणि १९२८ साली ही संस्था उभी राहिली. कंपनीसारखी ती नफ्यासाठी नव्हती, आणि सरकारचं एखादं खातंही नव्हती. काम एकच : पूल बांधायचा आणि चालवायचा.

याला विरोध करणारे थोडे नव्हते. बोटींच्या धंद्यात रेल्वे कंपनीचे हितसंबंध होते. पूल झाला तर ते उत्पन्न बुडणार होतं. नौदलाला भीती, की पूल कोसळला तर बंदराचं तोंडच बंद होईल. कोर्टात दाव्यांमागून दावे पडले. अखेर १९३० च्या नोव्हेंबरात लोकांचं मत घेतलं. प्रश्न होता साडेतीन कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांचा. टोलचं उत्पन्न कमी पडलं तर लोकांच्या मालमत्तेवर कर बसवून ते कर्ज फेडायचं होतं. म्हणजे घरं, दुकानं, शेतं, द्राक्षमळे, सगळं एका अर्थी या कर्जाला जामीन राहिलं. आणि वेळ कसली, तर महामंदीची! माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. तरीही तिपटीहून अधिक मतांनी लोक 'होय' म्हणाले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या सहांतली डेल नॉर्ट नावाची काउंटी पुलापासून तीनशेहून अधिक मैल दूर, राज्याच्या उत्तर टोकाला आहे. तिथला शेतकरी वर्षातून किती वेळा या पुलावरून जाणार? तरी तोही जामीन राहिला. म्हणून आजही संस्थेच्या एकोणीस जणांच्या संचालक मंडळात डेल नॉर्टचा एक माणूस बसतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ, मॅरिनचे चार, सोनोमाचे तीन आणि नापा, मेंडोसिनो व डेल नॉर्ट यांचा प्रत्येकी एक. अडचणीच्या वेळी जो जामीन राहिला, त्याची खुर्ची पुढेही राहिली.

१९३३ च्या जानेवारीत काम सुरू झालं. खाली खवळलेलं पाणी, वर धुकं आणि वारा. मजूर पडले तर वाचावेत म्हणून पुलाखाली जाळं बांधलं होतं. त्या जाळ्यानं एकोणीस माणसं वाचवली. पण १९३७ च्या फेब्रुवारीत एक परांची तुटून जाळ्यासकट खाली गेली आणि एका क्षणात दहा माणसं गेली. एकंदर अकरा कामगारांचे प्राण या पुलापायी गेले. २७ मे १९३७ रोजी पूल चालत जाणाऱ्यांसाठी खुला झाला आणि दुसऱ्या दिवशी मोटारी सुटल्या. दोन मनोऱ्यांमधलं अंतर चार हजार दोनशे फूट, त्या वेळी जगातलं सर्वांत मोठं. टोल होता एका खेपेला अर्धा डॉलर. बोटींचे उतारू ओसरले आणि १९४१ साली तिथली शेवटची तरही थांबली. पुलानं बोटी बुडवल्या, असं म्हणा ना! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता खरी कथा. फीत कापली गेली आणि राखण सुरू झाली.

समुद्राचं खारं धुकं लोखंड खातं. हा पूल एका टोकापासून रंगवायला घेतात, दुसऱ्या टोकाला पोहोचले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, अशी एक गोष्ट लोक सांगतात. ती खरी नाही. जिथं गंज दिसेल, तिथं खरवडायचं आणि रंगवायचं. मात्र हे काम कधी संपत नाही हे खरं. १९५१ च्या डिसेंबरात जोराच्या वाऱ्यानं पूल असा हलला, की काही तास तो बंद ठेवावा लागला. वाऱ्यानं पूल मोडतो हे १९४० साली त्याच किनाऱ्यावर टॅकोमाला सर्वांनी पाहिलं होतं. संस्थेनं ते मनावर घेतलं आणि १९५४ पर्यंत पुलाच्या सांगाड्याला खालून आडव्या बांधणीनं बळकटी आणली.

पुढे रस्त्याचं काँक्रीट मिठानं पोखरलं. सगळा रस्ता उखडून नवा घालायचा होता. पूल वर्षभर बंद ठेवायचा काय? नाही. १९८२ ते १९८५ या काळात रात्री काम केलं. रात्री जुना तुकडा उचलायचा, नवा बसवायचा, आणि सकाळी नोकरदारांची रांग येण्याआधी रस्ता मोकळा करायचा. असे ७४७ तुकडे ४०१ रात्रींत बदलले. शिक्षक बंधुभगिनींनो, एका रात्रीत सरासरी किती तुकडे बसले हा हिशेब मुलांना जरूर घाला. पण मुलांना हेही सांगा, की त्या ४०१ रात्रींसाठी कोणी फीत कापली नाही.

१९८९ च्या ऑक्टोबरात त्या प्रांतात मोठा भूकंप झाला. शेजारच्या खाडीपुलाचा एक भाग कोसळला. गोल्डन गेट शाबूत राहिला. 'वाचलो!' म्हणून गप्प बसता आलं असतं. पण तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, की याहून मोठा धक्का जवळून बसला तर याचीही खात्री नाही. तेव्हा १९९७ पासून पूल टप्प्याटप्प्यानं भूकंपाला तोंड देण्याजोगा करण्याचं काम हाती घेतलं.

आता त्या बोटींकडे वळू. पहिल्या पूर्ण वर्षात पुलावरून सुमारे तेहेतीस लाख गाड्या गेल्या होत्या. १९६७ साली हा आकडा दोन कोटी ऐंशी लाखांच्या पुढे गेला. पूल तेवढाच, सहा पदरी. दुसरा पूल बांधावा, याच पुलाला खाली आणखी एक मजला काढावा, असे विचार झाले. त्यातून काही निघालं नाही. शिवाय नवा पूल बांधला तरी पलीकडच्या शहरात गाड्या उभ्या करायला जागा कुठं होती?

सकाळी शहराकडे गर्दी, संध्याकाळी उलटी. म्हणून १९६३ पासून मधल्या पदरांची दिशा वेळेप्रमाणे बदलू लागले. कामगार ट्रकवरून हातानं नळकांडी रोवत जायचे. समोरासमोर टक्कर होऊन माणसं दगावत. ती थांबवायला सरकवता येणारा भक्कम कठडा आला, तो २०१५ साली. बावन्न वर्षं लागली! संस्था चांगली असली तरी तिच्या हातून उशीर होतो, हेही नोंदून ठेवलं पाहिजे.

१९६९ साली विधिमंडळानं कायदा बदलला. पुलाच्या संस्थेनं आता माणसांच्या वाहतुकीचीही सोय पाहावी, असं ठरलं. १९७० च्या ऑगस्टमध्ये सॉसलिटोहून बोट सुटली. १९७२ च्या पहिल्या दिवशी बसगाड्या सुरू झाल्या. ज्या पुलानं बोटी बुडवल्या, त्याच पुलाच्या कचेरीनं तीस वर्षांनी बोटी पाण्यात सोडल्या! कारण सोपं आहे. एका मोटारीत बहुधा एकच माणूस बसतो. बोटीत शेकडो बसतात.

याच सुमारास, १९७१ साली, पुलाचं कर्ज फिटलं. साडेतीन कोटी डॉलर मुद्दल आणि त्यावर जवळजवळ तीन कोटी नव्वद लाख डॉलर व्याज. मुद्दलाहून व्याज जास्त! सावकाराच्या दारी गेलेल्याला याचं नवल वाटणार नाही. पण ती सगळी रक्कम टोलमधून फिटली. कोणाच्या घरादारावर टाच आली नाही.

मग तुम्ही विचाराल, कर्ज फिटलं तर टोल कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या रस्त्यांवर आपणही तो विचारतो. त्याचं उत्तर असं, की कर्ज फिटलं तरी गंज थांबत नाही. ही संस्था कर बसवू शकत नाही. तिचं मुख्य उत्पन्न टोलचं. त्यातून पुलाची डागडुजी होते आणि बोटी-बसगाड्यांची तूटही भरून निघते. मोटारवाला कुरकुरतो, 'मी बसमध्ये बसत नाही, मग माझ्या पैशानं बस का?' त्याला सांगावं लागतं, की बाबा, ती बस नसती तर तिच्यातले चाळीस जण चाळीस मोटारी घेऊन तुझ्या पुढं उभे राहिले असते.

हा विचार आपल्याला परका नाही. १९४७ साली मुंबई महापालिकेनं वीज आणि वाहतुकीचा कारभार हाती घेतला, तो 'बेस्ट'. तिथं कित्येक वर्षं विजेच्या उत्पन्नातून बसगाड्यांची तूट भरली गेली. एका हातानं कमवायचं, दुसऱ्या हातानं लोकांना वाहून न्यायचं.

पण यात धोकाही आहे. २०२० साली करोनाची साथ आली. लोक घरी बसले. पुलावरची रहदारी घटली, तसा टोल घटला. बोटी आणि बसगाड्या जवळजवळ रिकाम्या फिरू लागल्या. कमावता हात आणि खर्चाचा हात दोन्ही एकदम आखडले. केंद्र सरकारच्या मदतीनं वेळ निभावली. एकाच विहिरीवर सगळं शिवार भिजवणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

आणि एक गोष्ट अवघड आहे, पण वगळता येत नाही. या पुलावर मनानं खचलेली माणसं जीव द्यायला येत. त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं मागणी केली, की इथं काही आडोसा करा. कोणी म्हणे खर्च फार, कोणी म्हणे पुलाची शोभा जाईल. अखेर २०२४ च्या जानेवारीत पुलाच्या दोन्ही बाजूंना पोलादी जाळी बसवून पूर्ण झाली. बांधणाऱ्या मजुरांसाठी १९३० च्या दशकात जाळं होतं. वापरणाऱ्यांसाठी ते यायला त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली.

आता आपल्या घराकडे येऊ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळचा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट वाहून गेली. नवा पूल वर्षाच्या आत बांधून झाला, ही कौतुकाची गोष्ट आहे. बांधणं आपल्याला येतं. राखणं हे निराळं काम आहे. त्याला दरवर्षीचा पैसा लागतो, नेमलेली माणसं लागतात, आणि दर पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर पुलाखाली उतरून पाहणारे डोळे लागतात.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावच्या पुलावरून जाताना एकदा थांबा. तो कोणाच्या ताब्यात आहे? जिल्हा परिषदेच्या, की सार्वजनिक बांधकाम खात्याच्या? त्याची शेवटची तपासणी कधी झाली? ग्रामसभेत हे विचारायला संकोच करू नका. गुरुजी, मोठ्या वर्गातल्या मुलांना हाच विषय निबंधाला द्या : 'आमच्या गावचा पूल कोण सांभाळतो?' उत्तर शोधायला मुलं कचेरीत जातील, दोन माणसांना विचारतील. आणि कचेरीतल्या माणसालाही कळेल, की हा पूल ज्यांचा आहे, त्यांचं त्याच्याकडे लक्ष आहे.