झाकण, वैल आणि गवताची पेटी

‘पातेल्यावर झाकण ठेव’, ‘उकळी आली की आच कमी कर’, ‘डाळ आधी भिजत घाल’ या सूचना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातल्या मोठ्यांचा काटकसरी स्वभाव, एवढेच आपण त्यांचे कारण मानतो. पण यातल्या एका सूचनेचा काटेकोर अभ्यास ज्याने केला, तो माणूस आपल्याला पाठ्यपुस्तकातून वेगळ्याच कारणासाठी माहीत असतो.

उष्णता हा पदार्थ नसून तिचा संबंध गतीशी आहे, हे शिकवताना आपण तोफेला भोक पाडण्याचा प्रयोग सांगतो. तो करणारा काउंट रम्फर्ड, म्हणजेच बेंजामिन थॉम्प्सन (१७५३–१८१४), मूळचा अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सचा. पुढे तो जर्मनीतील बव्हेरियाच्या शासकाच्या (इलेक्टरच्या) चाकरीत आला. तोफांवरचा त्याचा निबंध १७९८ सालचा. त्याच्या कितीतरी आधी, १ जानेवारी १७९० रोजी, त्याने म्युनिक शहरातल्या भिकाऱ्यांना एकत्र आणून एका कार्यशाळेत कामाला लावले. रोज हजारावर माणसांचे जेवण शिजवायचे, तर लाकडे किती लागतात हा प्रश्न आलाच.

त्या काळी तिकडे उघड्या शेकोटीवर स्वयंपाक होई. बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाई. रम्फर्डने आग विटांच्या बांधकामात बंद केली, भांडी त्या बांधकामात खोलवर बसवली आणि हवा कमी-जास्त करण्याची सोय केली. त्याने आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली. पाणी एकदा उकळू लागले की खालचा जाळ कितीही वाढवला तरी ते अधिक तापत नाही, म्हणून अन्नही लवकर शिजत नाही. वाढीव जाळाने फक्त वाफ होते.

या वाफेची किंमत काढून पाहू. एक किलो पाणी ३० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे भाजी शिजताना पाव लिटर पाणी उडून गेले, तर १३५ किलोकॅलरी गेल्या. तेवढ्यात जवळजवळ दोन लिटर थंड पाण्याला उकळी आली असती! झाकण आणि मंद आच हे नुकसान टाळतात.

आपल्याकडे हे शहाणपण पुस्तकात नव्हे, मातीत लिहिलेले होते. चुलीला जोडून असलेला वैल आठवावा. चुलीतून बाहेर पडणारी गरम हवा वैलातून जाई आणि त्यावर वरण किंवा दूध वेगळे सरपण न घालता गरम राही. रात्री उरलेल्या निखाऱ्यांचाही उपयोग होई.

उष्णता देण्याइतकेच ती राखणेही महत्त्वाचे. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात नॉर्वेची एक स्वयंपाकाची पेटी मांडली होती. उकळी आलेले भांडे या जाड अस्तराच्या पेटीत बंद करून ठेवले की आतले अन्न विस्तवाशिवाय शिजत राही. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा इंग्लंडमधल्या घरांत लाकडी खोक्यात वाळलेले गवत भरून अशाच पेट्या वापरल्या गेल्या. गवतात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. पिष्ट शिजायला १०० अंशांची गरज नसते, हेही येथे कामी येते. आपल्याकडे बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ तयार केला. त्यात एकावर एक ठेवलेल्या डब्यांत भात, डाळ, भाजी थोड्याशा कोळशावर, वाफेने एकदमच शिजे.

रम्फर्डच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सर्वांत कमी खर्चात पोट कसे भरेल, म्हणून त्याने सातू, वाटाणे, बटाटे, शिळा पाव आणि व्हिनेगर यांचे सूप ठरवले. ते दाट होऊन पोट भरल्यासारखे वाटे. त्यावरून पाण्यालाच पोषणमूल्य असावे, असा त्याचा समज झाला. तो चुकीचा होता. पाण्यातून एकही किलोकॅलरी मिळत नाही. तरीही हे स्वस्त सूप युरोपात अनेक ठिकाणी गरिबांना वाटले गेले.

एकाच माणसाने एकाच स्वयंपाकघरात केलेल्या या दोन काटकसरी एका मापाने मोजता येणार नाहीत. उष्णता वाचवली तर कोणाच्याही ताटातले काही कमी होत नाही. अन्न पातळ केले तर होते, आणि ते बहुधा ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या ताटातले. आपल्या घरांतून सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणारी बाई हे याचेच उदाहरण आहे. तिच्या त्या सवयीला आपण काटकसर म्हणून गौरवतो. काटकसरीचे धडे शिकवताना हा फरक मुलांपुढे मांडला पाहिजे.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. सारख्या आकाराचे बटाटे दोन सारख्या, उघड्या पातेल्यांत एकेक लिटर पाण्यात उकळत ठेवावेत. उकळी आल्यावर एकाखाली मोठी आच ठेवावी, दुसऱ्याखाली पाणी जेमतेम उकळत राहील एवढीच. कोणते बटाटे आधी शिजतात ते सुई टोचून पाहावे, मग दोन्हींतले उरलेले पाणी मोजावे. फरकाला ५४० ने गुणण्याचे काम मुलांचे. घरी गेल्यावर ‘आच कमी कर’ हे आपल्याला कोणी शिकवले, हे त्यांनी आजीला विचारावे आणि उत्तर वहीत त्याच गणिताखाली लिहून आणावे.